‘अस्सल’ हा शब्द मुळात कोठला?

प्रश्न : आमच्या घरातील जमिनीच्या एका जुन्या कागदाच्या शेवटी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असे लिहिलेले आहे. ‘अस्सल’ हा शब्द संस्कृतातील ‘अस्’, म्हणजे ‘असणे’, या धातूपासून झाला, असे आमचे एक शिक्षक सांगत असत. ते बरोबर आहे का? ‘खरा’ आणि ‘अस्सल’ यांच्या अर्थांत काही फरक मानावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘अस्सल’चा ‘असणे’शी संबंध नाही, दोहोंत ‘अस’ ऐकू येते, एवढेच त्यांचे साम्य. मूळ शब्द अरबी ‘अस्ल’ हा असून झाडाचे मूळ, बुंधा आणि त्यावरून कोणत्याही गोष्टीचा उगम किंवा पाया, असा त्याचा अर्थ आहे. हिंदीत ‘तत्त्वे’ या अर्थाने रूढ असलेला ‘उसूल’ हे याच शब्दाचे अरबी अनेकवचन होय. दख्खनेत १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि पुढे काही शतके दरबाराच्या लिहिण्यात फारसीचा वावर राहिला. त्या फारसीतून हा अरबी शब्द आपल्याकडे आला.

त्याचा ‘अस्सल’ मात्र मराठीने स्वतःच्या सवयीने केला. शेवटी ‘ल’चे जोडाक्षर असलेले असे शब्द उच्चारताना मराठी मध्ये ‘अ’ घालते आणि आधीच्या व्यंजनाला द्वित्त देते. ‘अक्ल’ची अक्कल, ‘नक्ल’ची नक्कल आणि ‘शक्ल’ची शक्कल याच रीतीने झाली. हिंदीने यांची अकल, नकल, असल अशी रूपे केली आणि विशेषण म्हणून ‘असली’ हा शब्द घेतला. मराठीत ‘असली’चे स्थान आधीच भरलेले होते. ‘असली साडी मला नको’ असे आपण म्हणतो तेव्हा साडीच्या खरेपणाविषयी काहीच बोलत नाही. ‘या प्रकारची’ एवढेच सांगतो, आणि तेही बहुधा नापसंतीने. आपल्याकडे ‘अस्सल’ हेच विशेषण म्हणून पक्के झाले, त्याला ही अडचणही कारण झाली असावी, असे मला वाटते.

आता आपल्या कागदाविषयी. ‘बरहुकूम’ म्हणजे ‘त्याप्रमाणे’. तेव्हा पूर्ण शेऱ्याचा अर्थ ‘मूळ कागदाप्रमाणे उतरवलेली प्रत’ असा आहे. येथील ‘नक्कल’ शब्दाने बिचकू नये. अरबीत या शब्दाचा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे असा आहे आणि त्यावरून मजकूर उतरवून घेणे. त्यात फसवणुकीचा वास मुळीच नाही. म्हणूनच आजही सरकारी कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का असतो आणि तो वाचताना कोणाला विसंगती वाटत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले आणि बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर इतिहास उभा राहिला पाहिजे, हा आग्रह धरला. तेथेही ‘अस्सल’चा अर्थ हाच, घटना घडत असताना लिहिलेला मूळ कागद.

याच कुळातला एक शब्द आपण रोज वापरतो, पण ओळखत नाही. वकिलाचा ‘अशील’ म्हणजे अरबी ‘असील’, ज्याच्या वतीने वकील बोलतो तो मूळ माणूस. ‘सि’चा ‘शि’ होणे मराठीत नेहमीचे आहे. सिपाहीचा शिपाई झाला आणि सिक्क्याचा शिक्का झाला, तसाच हा अशील झाला. ‘असील’चा दुसरा अर्थ ‘उत्तम कुळीचा’ असा असून झुंजीच्या कोंबड्यांची असील ही जात त्यावरूनच ओळखली जाते. ‘कमअस्सल’ ही शिवीही येथलीच. ती माणसाच्या वर्तनावर बोट ठेवत नाही, त्याचा जन्म काढते. म्हणून ती शब्दकोशातच राहावी, असे मला मनापासून वाटते.

‘खरा’ हा शब्द वेगळ्या घराण्यातला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘खर’, म्हणजे कठीण किंवा तीक्ष्ण, या शब्दात दाखवले जाते. दोहोंतला फरक वापरात स्पष्ट दिसतो. बातमी खरी असते, अस्सल नसते. साक्षीदार खरे बोलतो, अस्सल बोलत नाही. वस्तुस्थितीशी मेळ बसतो की नाही, हे ‘खरे’ सांगते. वस्तू कोठून आली, कोणत्या वंशाची, कोणत्या गावची, हे ‘अस्सल’ सांगते. म्हणून हापूस अस्सल, पैठणी अस्सल, बोलीही अस्सल.

हापूसचेच पाहा. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील फळासाठी. म्हणजे ‘अस्ल’चा ‘उगम’ हा अर्थ तेथे कायद्याच्या भाषेत आला. पण त्याच झाडाच्या बाबतीत ‘मूळ’ शब्द शब्दशः घेता येत नाही. कोयीतून रुजलेल्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात, त्यामुळे जमिनीतले मूळ रायवळाचे असते आणि फळ हापूसचे येते. तरीही आपण त्याला अस्सल हापूस म्हणतो, कारण येथे मूळ पाहायचे ते मातीतले नव्हे, तर काडी ज्या झाडावरून घेतली त्या झाडाचे.