पायबंद, वेसण आणि युद्धात 'पडणं'

प्रश्न असाय की 'कम्युनिझमला पायबंद घालायला अमेरिका व्हिएतनाम युद्धात उतरली' या वाक्यात कंटेनमेंटसाठी (म्हणजे कम्युनिझमला पसरू न देण्याच्या अमेरिकी धोरणासाठी) पायबंद हा शब्द बरोबर आहे का, वेसण का नको?

माझं मत पायबंदलाच. पायबंद म्हणजे घोड्याच्या पायाला बांधायची दोरी, शब्द फारसीतनं आलाय. घोडा उभा असतो, चारा खातो, फुरफुरतो, फक्त दोरीच्या पलीकडे जाता येत नाही. वेसण बैलाच्या नाकात, ती धरली की बैल वळवता येतो. आता हे धोरण मांडणाऱ्या अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केननने १९४७ साली 'एक्स' अशी सही करून जो लेख लिहिला त्यात रशियाला वळवायचंही नव्हतं आणि मारायचंही नव्हतं, पसरू न देता दमानं अडवून धरायचं, मग तो आतूनच ढिला पडेल, असा हिशेब. म्हणजे पायबंदच की! 'आळा' चालेल, पण मला जरा सपक वाटतो. आणि करोनातलं 'प्रतिबंधित क्षेत्र' कृपा करून इथे आणू नका.

डॉमिनो थिअरीला काही जण 'पत्त्यांचा बंगला' म्हणतात ते मात्र साफ चूक. बंगला एकदम बसतो. अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवर १९५४ साली बोलला ते रांगेतल्या सोंगट्यांबद्दल, पहिली पाडली की शेवटचीपर्यंत सगळ्या जाणार. लहानपणी बांधकामावरच्या विटा ओळीत उभ्या करून पहिलीला बोट लावायचो ना, तेच. व्हिएतनाम कम्युनिस्टांकडे गेला की लाओस, कंबोडिया, थायलंड, ही भीती खरी होती की नाही ते सोडा, पण निर्णय तिच्यावर झाले.

खरी गंमत क्रियापदात आहे. 'उतरणं' म्हणजे आखाड्यात, लंगोट कसून, ठरवून. 'पडणं' म्हणजे भानगडीत. १९६३ अखेर तिथे सोळा हजारांच्या आसपास अमेरिकन 'सल्लागार' होते (युनिफॉर्म घातलेले सल्लागार, हापण शब्दच बघा), मार्च १९६५ मध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन आले ते विमानतळ राखायला म्हणून, आणि १९६८ पर्यंत आकडा पाच लाखांच्या वर. मी तर 'उतरता उतरता पडली' असं लिहीन.

आणि हो, फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे हे युद्ध आणखी वाढवू नका म्हणून सांगायला कोण बसला होता? केननच.