यलोनाइफ ते इनुविक: विमानाने किती अंतर, किती वेळ?

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या यलोनाइफहून इनुविकला जायला अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

सरळ हवाई अंतर सुमारे १,०९० किमी, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा किंचित कमीच. एका उत्तरात १९ अंश गुणिले १०५ असं करून ‘दोन हजार किमी’ दिलंय, ते साफ चूक आहे. दोन्ही गावांच्या रेखांशांत १९ अंशांचा फरक आहे हे बरोबर, पण त्याला मुंबईच्या हिशोबाने अंशाला १०५ किमी लावायचे नसतात. यलोनाइफच्या अक्षांशावर एक अंश ५१ किमीचा भरतो, इनुविकला जेमतेम ४१. त्यात फोनवरचा सपाट नकाशा ६५ अक्षांशाच्या आसपास सगळं जवळपास २.४ पट ताणून दाखवतो. उत्तरेकडची अंतरं नकाशावर बोटं ठेवून मोजणाऱ्यांशी वाद घालून दमायला होतं. अक्षांश-रेखांश घ्या, गोलावरचं अंतर काढा, विषय संपला. फक्त उत्तर सागरी मैलांत आलं नाही ना ते बघा. ५९० चा आकडा दिसला तर तो सागरी मैलांचा असतो, १.८५२ ने गुणा.

आता वेळ. ‘१,०९० भागिले जेटचा ताशी ८०० किमीचा वेग, म्हणजे एक तास वीस मिनिटं’ हा हिशोब कागदावरचा. पहिलं म्हणजे विमान कुठलं ते बघा. या मार्गांवर जेटही असतं आणि पंखेवालं एटीआरही, आणि एटीआर ताशी ५०० च्या आसपास उडतं. दुसरं, बरीच उड्डाणं वाटेतल्या नॉर्मन वेल्स गावाला थांबतात. ६८० अधिक ४४५, म्हणजे अंतर पस्तीस-चाळीस किमीच वाढतं, पण उतरणं, माल-प्रवासी चढउतार आणि पुन्हा चढणं यात पाऊण तास सहज जातो. एटीआरने थांबा धरून तीन तास ते सव्वातीन, जेटने सव्वादोन ते अडीच धरा.

तिसरी गोष्ट वारा. जाताना तोंड वायव्येला, वारा बहुधा पश्चिमेचा. समोरून ताशी १०० किमीचा वारा असेल तर जेटचे दहा-बारा मिनिटं वाढतात, एटीआरचा मात्र अर्धा तास. त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. दोन्ही गावांचं घड्याळ एकच, तेव्हा तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी थेट करा.

गाडीने जायचं डोक्यात असेल तर काढून टाका. सरळ रस्ता नाही. ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनमधून वळसा घालून डेम्पस्टर महामार्गाने तीन हजार किमीच्या वर जातात. शिवाय पील आणि मॅकेन्झी या नद्या उन्हाळ्यात फेरीने आणि हिवाळ्यात बर्फावरून ओलांडाव्या लागतात. बर्फ धरताना आणि फुटताना काही आठवडे दोन्ही बंद.

हे सगळे आकडे चांगल्या हवेचे. उणे चाळीसच्या आसपास इनुविकला बर्फाचं धुकं बसलं की उड्डाण अडकतं, आणि पुढचं विमान तासाभरात नसतं. म्हणून परतताना यलोनाइफहून दक्षिणेकडच्या एडमंटन शहराचं पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर मध्ये एक रात्र ठेवा. वेगळ्या तिकिटावर चुकलेलं विमान तुमच्याच खिशातून जातं. थेट उड्डाण कुठल्या वारी आहे हे वेळापत्रकात बघूनच ठरवा, ते हंगामागणिक बदलतं.