बाबांना महाबळेश्वरला नेलं तरी गप्पच, आता काय करू?

गेल्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. वडील ७४ वर्षांचे, आई गेल्यावर गावचं घर बंद करून त्यांना पुण्याला आणलं, त्याला आठ महिने झाले. बोलत नाहीत, टीव्ही चालू असतो पण बघत नाहीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे आणि दुपारी पेंगतात. सगळे म्हणाले निसर्गात घेऊन जा, म्हणून दोनदा महाबळेश्वरला नेऊन आणलं, चांगलं रिसॉर्ट, व्हॅली व्ह्यू वगैरे, तर बाबा रूममध्येच बसून राहिले आणि "घरी कधी जायचं" एवढंच विचारत होते. घरी म्हणजे कुठलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही असं ताईंनी लिहिलंय. त्यांचा प्रश्न असा की हे वय आहे की डिप्रेशन, आणि हे निसर्गबिसर्ग खरंच काही असतं का.

ताई, याच्याशी बरीच जुळणारी एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

ठाण्याला घोडबंदर रोडला राहणारं कुटुंब. सून सासऱ्यांना माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली होती, आपण त्यांना तात्या म्हणू. रत्नागिरीकडचे, माड-पोफळीचं छोटं आगर, काकू वारल्या आणि तात्या एकटे राहिले, मग एकदा विहिरीपाशी पाय घसरून पडले तेव्हा मुलानं काही ऐकून न घेता गाडीत घालून आणलं. सहाव्या मजल्यावर स्वतंत्र खोली, एसी, खाली क्लबहाऊस. सून बिचारी सगळं मनापासून करत होती आणि थकली होती. "मॅडम, आम्ही काय कमी केलं ते तरी सांगू देत," हे तिचं पहिलं वाक्य आणि डोळ्यात पाणी.

सगळ्यात आधी मी जे करते तेच केलं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून तपासण्या, थायरॉइड, बी-१२, शुगर, आणि कान. हो, कान! बी-१२ बरंच कमी निघालं आणि एका कानात इतका मळ होता की माणूस गप्प राहील नाहीतर काय करेल. म्हातारी माणसं गप्प झाली की आपण थेट मनाकडे धावतो, आधी शरीर बघा. मग सायकियाट्रिस्टना दाखवलं, सौम्य डिप्रेशन होतं, छोट्या डोसचं औषध सुरू झालं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणीतरी गोळ्या बंद करेल आणि झाडाखाली जाऊन बसेल.

आता माझी चूक. दुसऱ्या सेशनला मी सांगून टाकलं की रोज सकाळी पाऊण तास खालच्या गार्डनमध्ये चाला, मोकळी हवा घ्या. अगदी छापील सल्ला. तात्या आज्ञाधारक, पंधरा दिवस गेले, पेव्हर ब्लॉकच्या ट्रॅकवर गोल-गोल फिरले आणि परत आले तेव्हा आणखीनच मिटलेले. मी विचारलं कसं वाटतं तिथं, तर म्हणाले, "काय बघायचं हो बाई तिथं, सगळं न्हाव्यानं कापल्यासारखं." मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना म्हणून सहज विचारलं, खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?

"माड."

मी गप्प बसले.

"एकच आहे. आयुष्यभर माड खालनं बघितला, आता वरनं बघतोय. शेंडाच दिसतो सगळा." मग बराच वेळ थांबून, "त्याला भुंगा लागलाय."

कसं कळलं विचारल्यावर त्यांनी टेबलावरचा माझा कागद घेतला, तो पंख्यासारखा घड्या घालून दुमडला आणि नखानं एक कोपरा तोडून परत उलगडला. कागदाला ओळीनं त्रिकोणी खाचा पडल्या होत्या. म्हणे गेंड्या भुंगा शेंड्यात घुसून मिटलेली कोवळी झावळी कुरतडतो, आणि ती झावळी उलगडली की अशी कात्रीनं कापल्यासारखी दिसते, तोपर्यंत भुंगा पुढच्या कोंबात गेलेला असतो. चार महिने ते खिडकीतून हे बघत होते. कुणाला सांगितलंत का म्हटलं तर म्हणाले, "कोणाला सांगणार? माड सोसायटीचा."

तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

खिडकीवरून आठवलं म्हणून सांगते, रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं १९८४ साली सायन्स या जर्नलमध्ये एक छोटासा अभ्यास छापला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधलं हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, त्यातल्या निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक पेनकिलर कमी लागले. मी हा अभ्यास ट्रेनिंगमध्ये शिकले होते, लोकांना कित्येकदा सांगितलाही होता, पण समोरच्या माणसाला खिडकीतून काय दिसतं हे विचारायला मला तिसरं सेशन उजाडलं. आणि इथं नुसतं झाड दिसून भागत नव्हतं हेही आहेच, आजारी झाड रोज दिसतंय आणि आपल्याला हात लावता येत नाही, हा उलट त्रासच.

मग पुढचं काम सुनेनं केलं, श्रेय तिचं. सेक्रेटरीशी भांडून (सोसायटीत एक माड वाचवायला किती ठराव लागतात ते एकदा स्वतंत्र लिहीन) माड चढणारा माणूस आणला. तात्या खालून सूचना देत होते, तारेचा आकडा घालून दोन भुंगे काढले, शेंड्याच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड घातली. माळीदादानं शेणखताचा उघडा ढीग माडापासून चार हातांवर घातला होता, भुंगे तिथंच पैदा होतात म्हणून तो हलवायला लावला. शिवाय पाइप थेट बुंध्यावर सोडलेला असायचा, तर तात्या म्हणाले अरे तो तोंड धुतोय का, पाणी पिणारी मुळं लांब असतात, आणि बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर गोल आळं करून घेतलं. सून सांगत होती की त्या संध्याकाळी सासरे पहिल्यांदा दोनदा भात घेऊन जेवले.

त्यानंतर रोज सकाळी सात ते आठ तात्या खाली. माडावरून पार्किंगमागच्या डेब्रिजच्या पट्टीकडे वळले, तिथं अळू लावलं, मग तोंडली. झोप सुधारायला साधारण दीड महिना लागला. याचं एक साधं कारण उजेड, घरात लाइट लावून दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार, शरीराचं घड्याळ त्यावर लागतं. दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत बसलं तर रात्र झाली हे शरीराला कळणार कसं? औषधाचा वाटा होताच, बी-१२ चा होता, कान साफ झाल्याचा होता. किती टक्के कशाचे ते मला विचारू नका.

आणि एक झालं. मातीत हात गेल्यावर काकूंचा विषय निघाला. तोपर्यंत प्रत्येक सेशनला मी काकूंबद्दल विचारायचे आणि ते "होती बापडी" म्हणून संपवायचे. अळूला पाणी घालताना मात्र सुनेला म्हणाले की शिंपण्याच्या वेळी ती पाटाचं पाणी वळवायची आणि मी पुढं आळी फोडत जायचो, ४६ वर्षांत कधी हाक मारायला लागली नाही. सुनेनं फोन करून मला सांगितलं तेव्हा मीही जरा वेळ काही बोलले नाही. पुढची चार-पाच सेशन आम्ही फक्त काकूंवर बोललो.

तर ताई, निसर्गबिसर्ग असतं का, तर असतं. इंग्लंडमध्ये जवळजवळ २० हजार लोकांची माहिती घेऊन २०१९ मध्ये एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला निदान १२० मिनिटं झाडापाण्यात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली आणि मन समाधानी आहे असं जास्त सांगत होते, मग ती मिनिटं एका फटक्यात असोत की तुकड्यातुकड्यानं. आता बरी माणसं जास्त बाहेर पडतात की बाहेर पडून बरी होतात हा प्रश्न राहतोच. पण आठवड्याला दोन तास म्हणजे दिवसाला १७ मिनिटं, तेवढ्यासाठी घाट चढायला नको. वर्षातनं दोनदा महाबळेश्वर ही तुमची सुट्टी झाली, त्यांच्या दृष्टीनं तो आणखी एक परका गाव.

तुमचे बाबा शेतकरी होते की मास्तर ते तुम्ही लिहिलं नाहीये. सगळ्यांनाच मातीत हात घालायचा नसतो, एका आजोबांना मी कुंडी दिली तर म्हणाले आयुष्यभर यातनं सुटायला शिकलो. ते पाषाण तलावावर पक्षी बघायला लागले, वही घालून. तेव्हा आधी विचारा, गावी सकाळी उठल्यावर दाराबाहेर पहिलं काय दिसायचं. आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका, मोबाईल बघू नका. उन्हाच्या वेळी नको, पावसात शेवाळ्यावर नको, बसायला एक खुर्ची खाली नेऊन ठेवा.

"आता जगून काय करायचं" असं काही बोलले, खाणंपिणं टाकलं, किंवा रोजच्या गोष्टी विसरायला लागले तर मात्र झाडबिड बाजूला ठेवून लगेच सायकियाट्रिस्ट. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

तात्यांना अजून ठाणं आवडत नाही, ते तोंडावर सांगतात. मे महिन्यात मुलानं दोन आठवडे गावी नेलं, घर उघडलं, परत येताना तात्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत म्हणे आणि सून घाबरली, परत सुरू झालं का. खोपोलीच्या पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, अळवाला पाणी कोणाला सांगून आली होतीस?

तुम्ही आधी बी-१२ आणि कान एवढं करून घ्या आणि रिपोर्ट आले की मला कळवा.