सातवीण, कडुनिंब आणि हिवताप

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सातवीण आहे. आजी तापावर तिच्या सालीचा काढा द्यायची. ही साल हिवतापावर तपासता येईल का?

येईल, आणि आजींचा अनुभव मी हलका मानत नाही. पण नुसती साल पिशवीत घालून आणू नका. दिवाळीच्या सुमारास सातवीण फुलते, तेव्हा फुलांसकट एक फांदी घ्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात असलेल्या नमुन्यांशी ती ताडली की ओळख पक्की होते. झाडच चुकलं तर पुढचं सगळं काम वाया जातं.

साल सावलीत वाळवायची, भरडायची, अर्क काढायचा. 1976 साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत प्रयोगशाळेत सतत वाढवून दाखवला. चाचणी आजही त्याच पायावर होते. अर्क घालून साधारण 48 तासांनी काचपट्टी रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत निळसर अंगठी आणि तिच्यावर लाल खड्यासारखा ठिपका दिसतो. तोच परजीवी. या अंगठ्या मोजायच्या आणि वाढ निम्म्यावर आणायला किती अर्क लागला ते पाहायचं. तोच अर्क निरोगी पेशींवरही घालायचा, कारण विष सगळ्यांनाच मारतं.

कडुनिंबातलं द्रव्य परजीवी मारतं असं वाचलं. मग हिवतापाच्या गोळ्या कशाला?

गेड्युनिन हे ते द्रव्य. पेशींवर ते चांगलं चाललं, उंदरांत मात्र फिकं पडलं, कारण शरीर त्याचं झटपट रूपांतर करून टाकतं. प्रयोगशाळेच्या बशीतलं यश म्हणजे औषध नव्हे.

काढा उकळावा की थंड पाण्यात भिजवावा?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. चीनच्या संशोधक तू यूयू यांनी काढलेले आर्टेमिसिया वनस्पतीचे अर्क हिवतापावर कधी लागू पडत, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. उष्णतेनं गुण जात असावा हे त्यांनी ताडलं, 1971 साली कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाची वाट सापडली. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. तरीही त्या पाल्याचा चहा घेऊ नका. त्यात द्रव्य किती उतरलं याचा भरवसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करत नाही.

काढ्यानं मुलाचा ताप उतरला. आता रक्त तपासायची गरज आहे का?

आहे, आजच तपासा. हिवतापाचा ताप आपणहूनही चढतो-उतरतो. व्हायव्हॅक्स हा हिवतापाच्या परजीवीचा एक प्रकार यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून डॉक्टरांनी प्रायमाक्विन हे यकृतातल्या परजीवीवरचं औषध दिलं, तर मुलाला बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका.