एमडीसीचा वास यायची वाट बघू नकोस
लोट्याच्या एमआयडीसीत नव्यानं लागलास, चांगलं झालं. पण एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड या सॉल्व्हंटबद्दल आधी ऐकून घे. अमेरिकेच्या ओशाची (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) हवेतली मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीनं 25 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग, आणि पंधरा मिनिटांसाठी 125. तिथल्याच ईपीएनं (पर्यावरण संस्थेनं) 2024 मध्ये स्वतःची मर्यादा थेट 2 आणि 16 ठरवली. आपल्या नाकाला वास लागतो तेव्हा हवेतलं प्रमाण बहुतेक वेळा 25 च्या कितीतरी वर गेलेलं असतं, आणि थोड्या वेळानं नाक मरतं.

हे साधारण 40 अंशाला उकळतं. आपल्याकडचा मे महिना आठव! वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड, त्यामुळे ती खालीच साचते. सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून गाळणाऱ्या यंत्रातून) केक, म्हणजे आत उरलेला ओला माल, काढताना तू वाकतोस, तोंड नेमकं तिथंच जातं. काळ्या कार्ट्रिजच्या (गाळणीच्या डबीच्या) हाफ मास्कवर विसंबू नकोस, त्यातून एमडीसी लवकर आरपार येतं. नळीनं बाहेरची स्वच्छ हवा देणारा एअरलाइन मास्कच माग. निळे नायट्राइलचे ग्लोव्हजही काही मिनिटांतच हार मानतात.

शरीरात याचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बनतो. डोकं जड झालं की ‘रात्रपाळीचा शीण’ म्हणून सोडून देऊ नकोस, बाहेर मोकळ्या हवेत ये आणि सुपरवायझरला सांग. घरी हृदयविकाराचा इतिहास असेल तर कंपनीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव.

आणि डबल ड्युटी लावली तर लक्षात घे, 25 चा आकडा आठ तासांसाठी आहे, सोळासाठी नाही. सेफ्टी ऑफिसरकडे कॉलरला नळी आणि कमरेला पंप लावून घेतलेल्या हवेच्या सॅम्पलचा रिपोर्ट माग. धोका दिसला तर कळवायचा तुला कायद्यानं हक्क आहे.