आधी ऑइल, मग ताकद: जुन्या टर्बो गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गाडीभोवती फिरतात, ती म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची टर्बो आवृत्ती. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. काहींना २००४ साली आपल्याकडे आलेली १.८ लिटर टर्बोची पहिली पिढी हवी आहे, तर बहुतेकांना २०१७ची दोन लिटर, २३० हॉर्सपॉवरची. २०२०ची २४५ हॉर्सपॉवरची तर देशात फक्त २०० आली, ती मिळणंच मुश्कील. गाडी एकच आणि गोंधळही तोच तोच येतो, म्हणून आठ प्रश्न एकत्र घेतले आहेत. इथलं बरंचसं फोक्सवॅगनच्या पोलो जीटीआयलाही लागू पडेल.

प्रश्न (कराड): टर्बो गाडी बंद करण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवावं, असं सगळे सांगतात. खरं का?

नाही. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आलात तर लगेच बंद करा. खंबाटकी दामटून चढलात आणि वर चहाला थांबलात, तर एक मिनिट थांबून चावी फिरवा.

प्रश्न (अहिल्यानगर): २०१८ची व्हीआरएस बघतोय. डीलर म्हणतो, विम्याच्या कागदावर जी आयडीव्ही आहे तीच गाडीची किंमत, त्याखाली सौदा होत नाही. पटवून घ्यावं का?

अजिबात घेऊ नका. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. बाजारभावाशी त्याचा संबंध लांबचा. घसाऱ्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांपर्यंत चालतो: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. त्यापुढे मालक आणि कंपनी आपसांत आकडा ठरवतात. थोडा जास्त हप्ता भरला की आयडीव्ही वर जाते, आणि विकायच्या महिनाभर आधी मुद्दाम तशी पॉलिसी काढलेल्या गाड्या माझ्याकडे तपासणीला आल्या आहेत.

२०१७ साली ही गाडी एक्स-शोरूम साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. आज तिची किंमत काढायची तर जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा. तशीच गाडी प्रत्यक्षात कितीला गेली ते दोन-तीन ठिकाणी विचारा आणि राहिलेलं काम त्यातून वजा करा. सहा गिअरच्या डीएसजीचं, म्हणजे या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. त्याचं बिल नसेल तर काम झालेलं नाही असंच धरा. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर या इंजिनात गळतं, तिथे वाळलेल्या कूलंटचे गुलाबी डाग शोधा. टायरच्या कडेवरचा उत्पादनाचा आठवडा वाचा. या सगळ्याचा लेखी अंदाज गॅरेजकडून घ्या आणि तो कागद समोर ठेवून बोला.

मीटर मागे फिरवल्याची शंका असेल तर स्कॅनर लावा. नोंदलेल्या बिघाडांशेजारी त्या वेळचे किलोमीटरही लिहिलेले असतात आणि ते पुसायचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. विकणारा गाडी लिफ्टवर चढवू देत नसेल, तर बोलणी तिथेच थांबवा.

प्रश्न (ठाणे): फुस्स आवाज येणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवू का?

नको. हा व्हॉल्व्ह टर्बोचा जास्तीचा दाब बाहेर सोडतो, तोच तो आवाज. आवाजाने गाडी पळत नाही, आणि विकताना गिऱ्हाईक बिचकतं.

प्रश्न (सोलापूर): ऑइल बदलून ११ महिने झाले, गाडी फक्त ५,००० किलोमीटर चाललीय. कंपनी १५,००० सांगते. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो सिंथेटिक ऑइल २०,०००पर्यंत आरामात जातं. मग आत्ताच खर्च कशाला?

या एका प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या गॅरेजमध्ये उघडले जाणारे टर्बो बहुतेक याच विचारामुळे उघडावे लागतात.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो. एका बाजूच्या पंख्यावर नऊशे अंशांच्या घरातला धूर आदळतो, दुसरी बाजू बाहेरची हवा ओढते. मधला शाफ्ट धातूवर टेकत नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर तुटला की शाफ्ट घासायला वेळ लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक २०१८ची गाडी आली. तक्रार एवढीच की पिकअप कमी झालाय आणि शिट्टी वाढलीय. हवेचा पाइप काढून मी शाफ्टचं टोक दोन बोटांत धरलं. वर-खाली किंचित हललं तर चालतं, ती ऑइलची जागा असते. आत-बाहेर मात्र हलता कामा नये. हा शाफ्ट आत-बाहेर ‘टक्‌ टक्‌’ वाजत होता आणि पंख्याच्या पात्यांची टोकं बाहेरच्या भिंतीला घासून चकचकीत झाली होती. मग ऑइल पॅन उतरवला. ऑइल खेचणाऱ्या नळीच्या जाळीवर डांबरासारखा काळा थर होता, नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघत होता. मालकांनी सर्व्हिसची फाइल पुढे ठेवली. एकही सर्व्हिस किलोमीटरच्या हिशेबाने चुकलेली नव्हती. फक्त शेवटच्या दोन सर्व्हिसमध्ये २६ महिन्यांचं अंतर होतं, कारण गाडी शनिवार-रविवारीच बाहेर पडायची.

म्हणून किलोमीटरवर जाऊ नका, तारीख बघा. चार किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन आलात की इंजिन नीट तापत नाही, थेट सिलिंडरमध्ये फवारलेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये उतरतो, आत पाणी धरतं. ते ऑइल डब्यावर कितीही सिंथेटिक लिहिलेलं असो, वर्षभरात पातळ होतं. कंपनीचे १५,००० ही वरची मर्यादा आहे, आणि सोबत ‘किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ हेही छापलेलं आहे. तो भाग कोणी वाचत नाही. माझं मत विचाराल तर जुन्या टर्बोला ७,५०० किलोमीटर किंवा सहा महिने.

आणि डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा) लिहिलंय म्हणून विकत घेऊ नका. फोक्सवॅगनची ५०२ ००सारखी मान्यता तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली आहे, ती डब्यावर छापलेली हवी. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, फिल्टरही त्याच वेळी बदला. तुमच्या गाडीचं ऑइल या आठवड्यात बदला. निथळलेलं ऑइल गाळून घ्यायला सांगा. धातूची चमक दिसली तर गाडी पुढे न चालवता टर्बो तपासून घ्या.

प्रश्न (पुणे): मागच्या आठवड्यात ७४,००० चाललेली २३० घेतली. एक ट्यूनर म्हणतो, लॅपटॉप लावून तासाभरात ३०० हॉर्सपॉवर, इंजिनला काही होत नाही, कोणाला कळतही नाही. करू का?

आठवडाभरापूर्वी घेतलेल्या गाडीला तर नाहीच. तिचा इतिहास अजून तुम्हालाच माहीत नाही.

स्टेज १ रिमॅप म्हणजे सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब आणि स्पार्कची वेळ वाढवणं. कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ३५० न्यूटन-मीटर आहे, रिमॅपनंतर तो सहज चारशेपार जातो आणि तो भार गिअरबॉक्सच्या क्लचवर येतो. ‘इंजिनला काही होत नाही’ हे नव्या इंजिनाबद्दलही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आधी प्लग आणि कॉइल बदला, हवेची गळती तपासा, सिलिंडरचा दाब मोजा. थेट फवारणीमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, तो अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने उडवून काढतात. एवढं केल्यावर बऱ्याच जणांना हरवलेली ताकद परत मिळते आणि रिमॅपची घाई उरत नाही.

‘कळत नाही’ हेही खोटं. सर्व्हिस सेंटरचं यंत्र मूळ सॉफ्टवेअरशी ताडून बघू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई आहे आणि कलम १८२अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीपासून लपवलेला बदल अपघातानंतर क्लेम अडवायला पुरतो. आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा सल्ला जो देईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

प्रश्न (नाशिक): १०० ऑक्टेन पेट्रोल टाकलं तर गाडी जास्त पळेल का? ई२०चं काय?

मूळ सॉफ्टवेअरवर फरक जाणवण्याइतका नाही. टाकीच्या झाकणाआतला स्टिकर किमान किती ऑक्टेन (पेट्रोल दाबाखाली अवेळी न पेटण्याचा आकडा) सांगतो ते वाचा आणि त्याखाली जाऊ नका. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासा.

प्रश्न (कोल्हापूर): दिल्लीतली २००५ची पहिली व्हीआरएस फार स्वस्त मिळतेय. आणू का?

ती स्वस्त आहे ती दिल्लीत पेट्रोल गाड्यांना लावलेल्या १५ वर्षांच्या मर्यादेमुळे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही लागेल. आधी कोल्हापूरच्या आरटीओत जाऊन विचारा की नोंदणीचं नूतनीकरण होईल का, आणि इथला कर किती बसेल. एजंटचं तोंडी उत्तर धरू नका.

प्रश्न (रत्नागिरी): सकाळी चालू करताना निळा धूर येतो, मग थांबतो. गॅरेजने न उघडताच टर्बो बदलायला सांगितलं. महिनाभर थांबलं तर चालेल?

महिना थांबू नका आणि टर्बोही लगेच बदलू नका. सकाळी येऊन थांबणारा धूर व्हॉल्व्ह सीलचा असू शकतो, किंवा क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ परत फिरवणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटल्याचा. पीसीव्ही टर्बोच्या मानाने खूपच स्वस्त आहे. न तपासता सर्वांत महागडा भाग सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. दुसऱ्या गॅरेजमध्ये क्रँककेसचा दाब मोजायला सांगा, टर्बोच्या दोन्ही बाजूंचे पाइप उघडून ऑइल कुठे साचलंय ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. तोवर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक काढून पातळी वहीत लिहा. आठवड्यात ती बोटाच्या पेराएवढी उतरली, तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या.