जुन्या डिझेल गाडीचा धूर: आधी रंग बघा

मेकॅनिक लगेच इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) काढू म्हणाला तरी थांबा. धूर काळा असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बघाच, पण माझा पहिला संशय इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी दाबाची हवा थंड करणारा भाग) होज पाइपवर. क्लिपपाशी तेलकट काजळी दिसली आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की 'फुस्स' आवाज येऊन ओढ कमी झाली, तर पाइप फाटलाय समजा. इंजेक्टरच्या मानाने हा खर्च किरकोळ. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बघा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोचे (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) सील नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील.

पांढरा धूर फक्त सकाळी, थंड इंजिनवर येत असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून गरम करणारे प्लग) तपासा. गरम झाल्यावरही येतोय आणि कूलंट कमी होतंय? मग गाडी अजिबात चालवू नका, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं असण्याची दाट शक्यता आहे.